विडी सोडली, तंबाखू धरली

आमच्याकडे लग्नं जुळवताना एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मुलगा अगदी निर्व्यसनी आहे हो. तंबाखू खातो, तेवढीच." पेणला ऐकलंय, रोह्याला ऐकलंय, आणि सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर विनोदाची छटासुद्धा नसते. व्यसन म्हणजे दारू, व्यसन म्हणजे विडी-सिगारेट. तंबाखू मळून गालात धरणं हे व्यसनात मोडत नाही. फार तर 'सवय'. आणि मशेरी? ती तर दात घासण्यातच जमा!

हे सगळं पुन्हा डोक्यात यायला कारण झाला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एक लेख. परदेशी असलेल्या भाच्याने पाठवला होता. स्वीडनमध्ये लोक सिगारेट सोडून तोंडात ठेवायची तंबाखू वापरतात, त्यामुळे तिथे फुफ्फुसाचा कॅन्सर कमी झाला, अशा अर्थाचा. त्याखाली आमच्या दादाचा निरोप पाच मिनिटांत आला. "बघा. मी बारा वर्षांपूर्वी हेच केलं तेव्हा सगळे हसत होते." दादा रोह्याचा, माझा थोरला भाऊ. धाटावला कारखान्यात नोकरी झाली, आता निवृत्त. सिगारेट सोडली हे खरं, आणि सोपं नव्हतं हेही खरं. तेव्हापासून खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी असते. ग्रुपवर लगेच दोन तट पडले. वहिनीने फक्त एक रागीट चेहरा पाठवला. :-)

मला दादाशी भांडायचं नाही. पण त्याचा प्रश्न सोडून देण्यासारखाही नाही. तंबाखू खाणं हा ओढण्याला पर्याय होऊ शकतो का? गंमत अशी की स्वीडनने केलेला हा प्रयोग आपल्याकडे, कुणी ठरवलेलं नसताना, कितीतरी पिढ्या आधी झालेला आहे. त्याचा निकालही लागलेला आहे. तो निकाल काय लागला, ते जमेल तसं मांडते. नातेवाईक मंडळींनी शेवटपर्यंत वाचावं, ही विनंती. :-)

सुरुवात तंबाखूच्या येण्यापासून. मूळची अमेरिका खंडातली ही वनस्पती पोर्तुगीजांनी आपल्याकडे आणली. शब्दही त्यांच्याच 'तबाको'वरून आला. आमच्या रोह्याहून कुंडलिका नदी वाहत जाते ती रेवदंड्याच्या खाडीला मिळते, आणि रेवदंडा-चौल हे सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत पोर्तुगीजांचं ठाणं होतं. म्हणजे ज्यांनी तंबाखू देशात आणली ते आमच्या नदीच्या तोंडाशीच दोनशे वर्षं बसून होते. तिकडे उत्तरेत अकबराच्या दरबारात तंबाखू पोचली ती विजापुराहून. असद बेग नावाच्या सरदाराने १६०४-०५ च्या सुमारास ती नेली, बादशहाने झुरका घेऊन पाहिला आणि हकिमाने तिथेच हरकत घेतली. पुढे जहांगिराने १६१७ साली बंदी घातली. तंबाखू देशात आली कधी आणि पहिली बंदी कधी, यात फारसं अंतर नाही, बघा. बंदीचा उपयोग किती झाला तेही आपण पाहतोच आहोत.

पण दरबारात गेली ती ओढायची तंबाखू. आपल्याकडे तिला दुसरं घर आयतंच मिळालं, ते म्हणजे पानाचा विडा. पान, चुना, कात, सुपारी ही मंडळी तंबाखूच्या कितीतरी आधीची. सुपारी तर आपल्या जिल्ह्याचीच. श्रीवर्धनची रोठा सुपारी अजून नाव राखून आहे. जेवण झालं की विडा, पाहुणे आले की विडा, सुपारी फुटल्याशिवाय लग्न ठरत नाही. या चालत्या गाड्यात तंबाखू नंतर चढली. त्यामुळे तिच्याकडे कुणी परकी म्हणून पाहिलंच नाही. चंचीत एक कप्पा वाढला, इतकंच.

पुढचा प्रश्न असा, की ओढणं आणि खाणं या दोन्ही वाटा उघड्या असताना आपल्याकडे खाण्याची वाट इतकी रुंद का झाली? माझ्या मते याचं उत्तर कामात आहे. पेणच्या बाजूला मिठागरं. मोकळ्यावर वारा असा की काडी पेटत नाही. भातलावणीत माणूस गुडघाभर चिखलात, वरून पाऊस, दोन्ही हात आवणात गुंतलेले. विडी खिशातच भिजून जाते. होडीवर तेच. गणपतीच्या कारखान्यात हात मातीने नाहीतर रंगाने भरलेले. तंबाखू मात्र एकदा मळून गालात धरली की अर्धा तास हात मोकळे. ना काडी, ना पेटवणं, ना विझणं.

मग या जिल्ह्याची माणसं मुंबईला गिरणीत गेली. (जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा, रायगड झालं १९८१ साली.) गिरणीत सगळीकडे कापूस उडत असलेला. खात्यात विडी पेटवायची सोय नाही, विडी हवी तर बाहेर जायचं, आणि बाहेर जास्त रेंगाळलं की जॉबर आलाच. साच्यावर उभं राहून जमेल अशी एकच गोष्ट होती, तोंडातली तंबाखू. पुढे आमच्या भागात रासायनिक कारखाने आले, धाटावची वसाहत उभी राहिली, तिथेही नियम तोच. ज्वालाग्राही माल हाताळायच्या जागी आगपेटी आणि लायटर चालत नाही. पुडी मात्र चालते. दादाची पिढी अशीच तंबाखूकडे वळली. बऱ्याच जणांनी विडी-सिगारेट सोडलीसुद्धा नाही. पाळीत तंबाखू आणि पाळी सुटल्यावर टपरीवर सिगारेट, असा दुहेरी संसार चालवला.

आणखी एक कारण घरातलं. वडीलधाऱ्यांसमोर धूर काढायचा नाही, हा आपल्याकडचा अलिखित कायदा. सासऱ्यांसमोर सिगारेट पेटवणारा जावई मी तरी पाहिलेला नाही. पण सासरे-जावई एकाच डबीतला चुना घेऊन शेजारी शेजारी तंबाखू मळतायत, हे दृश्य लग्नाच्या मांडवात कितीदा पाहिलंय! धूर दिसतो, त्याचा वास घरभर पसरतो. तंबाखू गालाआड राहते. लपवता येतं ते व्यसन वाटत नाही, असं काहीसं आपलं झालं.

आता बायकांकडे येऊ. इथेच खरी गोष्ट आहे.

माझी आजी आणि आत्या, दोघीही मशेरी लावायच्या. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी (शहरातल्या भाच्यांनो, तुमच्यासाठी): तंबाखूची पानं तव्यावर किंवा पत्र्यावर काळी होईस्तोवर भाजायची, मग कुटून-चाळून पूड करायची. ती बोटावर घेऊन दातांना आणि हिरड्यांना लावायची. सकाळी चूल पेटायच्या आधी एकदा. मग जेवणानंतर, मग दुपारी जरा डोकं टेकायच्या वेळी, मग रात्री. दात घासायला म्हणून सुरू झालेली गोष्ट दिवसातून चार-पाच वेळा होते, तेव्हा ती दातांसाठी उरलेली नसते. पण आत्याला कुणी 'तंबाखू खातेस का' विचारलं असतं तर तिने विचारणाऱ्याचीच खरडपट्टी काढली असती. मशेरी डबीत नसली की मात्र डोकं दुखायचं, शौचाला व्हायचं नाही, चिडचिड व्हायची. दुकानात पळायला आम्ही पोरं होतोच.

बायकांचं हे खाणं कुणी आजार म्हणून मोजतही नव्हतं. ते मोजायला सुरुवात झाली ती मुंबईत.

टाटा हॉस्पिटल परळला १९४१ साली सुरू झालं. तिथल्या विकृतिशास्त्र विभागाचे प्रमुख होते डॉ. वसंत खानोलकर. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (संघवी आणि राव ही दोन नावं त्यात आहेत) १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. विषय होता तंबाखू ओढणं आणि चघळणं, आणि त्यांचा तोंडाच्या व घशाच्या कॅन्सरशी संबंध. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचं नातं दाखवणारं इंग्लंडमधल्या डॉल आणि हिल यांचं प्रसिद्ध काम १९५० चं. म्हणजे त्यांच्या मागोमाग पाच वर्षांत आपल्या परळमध्ये विडी आणि चघळायची तंबाखू वेगवेगळी करून तपासली जात होती. ओढणाऱ्यांचं दुखणं घशाच्या बाजूला जास्त, चघळणाऱ्यांचं तोंडात जास्त, असा त्याचा रोख होता. तंबाखूने वाट बदलली की आजार जागा बदलतो, एवढं तर तेव्हाच दिसलं होतं.

त्यानंतरचं काम टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं. ही संस्था मुंबईच्या कुलाब्यात, आपल्या नव्हे. अणू आणि गणिताच्या त्या संस्थेत दंतसंशोधनाचाही एक छोटा विभाग होता हे किती जणांना माहीत असेल? डॉ. फली मेहता त्याचे प्रमुख. या मंडळींनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात घरोघर जाऊन लोकांची तोंडं तपासली. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत त्यांनी १,०१,७६१ माणसं तपासली आणि ते काम १९७२ साली छापून आलं. एक लाखावर माणसं, खेडोपाडी, हातात आरसा आणि बॅटरी! कोपनहेगनचे प्राध्यापक पिंडबोर्ग या कामात सोबत होते. गालाच्या आत दिसणारे पांढरे चट्टे, जे पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतात, ते प्रामुख्याने तंबाखू वापरणाऱ्यांतच सापडत होते.

मशेरीवर लक्ष गेलं ते ऐंशीच्या दशकात. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मशेरी प्रयोगशाळेत नेली. तिच्यात तंबाखूतली नायट्रोसामाइन्स ही घातक द्रव्यं सापडली. शिवाय भाजल्यामुळे तयार होणारी बेंझोपायरीनसारखी द्रव्यंही सापडली, म्हणजे तीच जी धुरात असतात. मशेरीमुळे प्राण्यांना कॅन्सर होतो का, याच्या प्रयोगांवरचा त्यांचा निबंध १९८८ चा आहे. वाचून मी जरा वेळ गप्पच बसले. आपण मशेरीला बिनधुराची तंबाखू म्हणतो. पण धूर गेला कुठे होता? आमच्या स्वयंपाकघरात तव्यावर. आजी मशेरी भाजायची तेव्हा सगळं घर खोकायचं, आणि त्या धुराने काळं झालेलंच तर नंतर हिरड्यांना लागायचं. (ही परळची संस्था पुढे २००२ साली खारघरला गेली, आज ती ॲक्ट्रेक म्हणून ओळखली जाते. खारघर म्हणजे पुन्हा आपला रायगड जिल्हाच.)

बायकांच्या बाबतीतला सर्वांत बोलका अभ्यास २००४ सालचा. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईत १,२१७ गरोदर बायकांची माहिती घेतली आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा मागोवा ठेवला. त्यातल्या १७ टक्के बायका बिनधुराची तंबाखू वापरत होत्या, बहुतेक मशेरीच. बाकी सगळ्या गोष्टींचा हिशोब वजा करूनही त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं, आणि बाळंतपणही सरासरी सहा दिवस आधी झालं. सव्वाशे ग्रॅमचा पुडा हातात घेऊन बघा, म्हणजे १०५ ग्रॅम किती ते कळेल. अडीच किलोच्या बाळाला ते परवडणारं नसतं.

आता दादाच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर तो म्हणेल एकतर्फी लिहिलंस. याच गुप्तांचा आणखी एक मोठा अभ्यास आहे. मुंबईतल्या मतदारयाद्यांवरून निवडलेल्या, पस्तिशी ओलांडलेल्या सुमारे एक लाख लोकांचा. नोंदणी १९९१ ते ९४ मध्ये झाली आणि पुढे कोण हयात आहे, कोण गेलं, याचा तपास केला. २००० साली छापलेले आकडे असे: तंबाखू न वापरणाऱ्या पुरुषांचा मृत्यूचा धोका १ धरला तर विडी ओढणाऱ्यांचा १.७८, सिगारेट ओढणाऱ्यांचा १.३९ आणि फक्त बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या पुरुषांचा १.२२. म्हणजे विडीपेक्षा कमी, सिगारेटपेक्षाही कमी. दादा, इथवर तुझं खरं आहे. फुफ्फुसं वाचतात हेही खरं आहे.

पण त्याच तक्त्यात बायकांची ओळ आहे. तंबाखू वापरणाऱ्या बायकांचा धोका १.३५. आणि या बायका जवळजवळ सगळ्या बिनधुराचीच तंबाखू वापरणाऱ्या, विडी-सिगारेटला हात न लावलेल्या. त्या पाहणीत निम्म्याहून जास्त बायका (५७.५ टक्के) तंबाखू वापरत होत्या.

माझा मुद्दा इथे आहे. दादाने सिगारेट सोडून तंबाखू धरली, त्याच्यासाठी ती पर्याय होती. आत्याने काय सोडलं होतं? ती आयुष्यात विडी ओढणार नव्हतीच. आमच्याकडच्या बहुतेक बायका ओढत नाहीत. तिच्यासाठी मशेरी कशालाच पर्याय नव्हती, ती निव्वळ भर होती. 'ओढण्यापेक्षा खाणं बरं' हे वाक्य जो ओढतो त्याच्यापुरतंच खरं असू शकतं. जो ओढणारच नव्हता त्याच्यासाठी तुलना सिगारेटशी करायची नसते, रिकाम्या तोंडाशी करायची असते. आणि आपल्याकडे खाणाऱ्यांत असेच लोक जास्त आहेत.

आता स्वीडनकडे. तिथल्या तंबाखूला स्नूस म्हणतात. ती वरच्या ओठाखाली ठेवतात, थुंकावं लागत नाही. दळलेली तंबाखू, पाणी, मीठ वगैरे; तिला वाफेची उष्णता देतात, त्यामुळे आंबण्याची क्रिया थांबते आणि नायट्रोसामाइन्स कमी राहतात. दुकानात शीतकपाटात ठेवून विकतात. तिच्यात सुपारी नसते, कळीचा चुना नसतो. युरोपीय संघाने अशी तंबाखू विकायला १९९२ साली बंदी केली. स्वीडन १९९५ साली संघात गेलं ते या बंदीतून सूट घेऊनच. युरोपच्या न्यायालयाने ही बंदी २००४ आणि २०१८ साली दोनदा उचलून धरली. उलट अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली एका स्वीडिश कंपनीच्या आठ प्रकारच्या स्नूसला 'सिगारेटऐवजी वापरल्यास धोका कमी' असं लिहायची परवानगी दिली. त्यातला 'ऐवजी' हा शब्द महत्त्वाचा. सिगारेटसोबत नव्हे, आणि नव्याने सुरू करायला तर नव्हेच. स्नूसही निर्धोक नाही. निकोटिनचं बंधन तसंच राहतं आणि गरोदरपणात ती टाळायला स्वीडनमध्येही सांगतातच.

स्वीडनचीच आणखी एक हकीकत मला फार आवडली. १९६७ साली तिथल्या लुंड शहरातल्या एका संशोधकाच्या लक्षात आलं की पाणबुडीवरचे खलाशी, जिथे सिगारेट पेटवता येत नाही, तिथे तोंडात तंबाखू धरून दिवस काढतात. आमच्या गिरणीकामगारांची आणि धाटावकरांचीच ही गोष्ट, नाही का? त्याने हे एका औषध कंपनीतल्या ओव्हे फेर्नो नावाच्या शास्त्रज्ञाला पत्राने कळवलं. फेर्नोने विचार केला की खलाशाला हवं आहे निकोटिन, तर मग तंबाखू कशाला? त्यातून निकोटिनचा च्युइंगगम तयार झाला. आज जगभर सिगारेट सोडायला तो वापरतात, आपल्याकडेही औषधाच्या दुकानात मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली निकोटिनचा गम आणि पट्टी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. आग बंद असलेल्या जागी माणूस तंबाखू चघळतो, हे निरीक्षण एकच. तिकडे त्यातून सोडायचं औषध निघालं.

आपल्याकडे काय निघालं? गुटखा. सत्तर-ऐंशीच्या दशकापासून पुड्या लटकू लागल्या. सुपारी, कात, चुना, तंबाखू आणि सुगंध. मळायची कटकट नाही, पोरांनाही जमेल असं. मशेरीच्या धर्तीवर तंबाखू घातलेल्या टूथपेस्टही निघाल्या होत्या, त्यावर केंद्र सरकारने १९९२ साली बंदी घातली. महाराष्ट्राने १ ऑगस्ट २००२ पासून गुटख्यावर बंदी आणली, ती २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत 'अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन नको' हे कलम आलं, त्याच्या आधाराने राज्याने जुलै २०१२ मध्ये पुन्हा बंदी घातली आणि तेव्हापासून तिची मुदत वाढवत नेली. साधी तंबाखूची पुडी मात्र टपरीवर मिळतच राहिली. दरम्यान जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली सुपारी हीच कॅन्सरकारक ठरवली, तंबाखूशिवायसुद्धा. सुपारीने गालाचं आतलं अस्तर कडक होत जातं, तोंड हळूहळू उघडेनासं होतं. आमच्या ओळखीतल्या एका तिशीच्या मुलाला वडापाव खाता येत नाही, तुकडे करून चमच्याने खातो. त्यानेही सिगारेट कधी ओढली नव्हती.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्राचा हिशोब असा आहे: पंधरा वर्षांवरच्या लोकांत धूम्रपान करणारे ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. देशभरात हेच आकडे १०.७ आणि २१.४ आहेत. ३.८ टक्के म्हणजे स्वीडनने हेवा करावा असा आकडा! धूर आपण जवळजवळ हद्दपार केला आहे. आणि तरी तोंडाचा कॅन्सर भारतीय पुरुषांत सर्वांत जास्त आढळणाऱ्या कॅन्सरांपैकी एक आहे. त्यातही आपल्याकडे तो गाल आणि हिरडीच्या बेचक्यात जास्त होतो, नेमका जिथे बार धरतात तिथे. पाश्चात्त्य देशांत तो जिभेवर अधिक दिसतो.

तेव्हा दादा, तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. तू सिगारेट सोडलीस याचा मला अभिमान आहे, कुणी हसलं असेल तर त्यांचं चुकलं. पण भाच्याच्या लेखातली तंबाखू आणि तुझ्या पुडीतली तंबाखू यांचं नाव तेवढं एक. त्यांच्याकडे काय घालायचं, किती तापवायचं, घातक द्रव्य किती चालेल हे ठरलेलं. आपल्याकडे पान कुठलं, आंबवलं किती, पुडीत काय काय आहे, काहीच ठरलेलं नाही, वर चुना तुझ्या अंगठ्याच्या अंदाजाने. स्वीडनचा निकाल तुला लागू करता येणार नाही. तुला लागू होतो तो मुंबईचा आणि पुणे जिल्ह्याचा.

आणि सोडण्याला उशीर झालेला नसतो, हेही त्याच फली मेहता आणि गुप्ता मंडळींनी दाखवलं आहे. १९७७-७८ पासून त्यांनी केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या छत्तीस हजार तंबाखूवाल्यांना घरोघर जाऊन समजावलं, दरवर्षी तोंडं तपासली. ज्या गटाला समजावलं त्यात सोडणारे वाढले आणि नवे पांढरे चट्टे येण्याचं प्रमाण उतरलं. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, फक्त तोंड तपासणं आणि बोलणं. ज्याने एकदा सिगारेट सोडून दाखवली आहे त्याला हे जमणार नाही असं मला वाटत नाही. गमची मदत लागली तर डॉक्टरांना विचारून घ्यावी. सरकारची फुकट फोनसेवाही आहे, १८००-११-२३५६.

बाकीच्यांसाठी एक छोटं काम. आरशासमोर उजेडात उभं राहून गाल बोटाने बाजूला करायचा आणि आत पाहायचं. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, तिखट लागल्यावर होणारी आग, तीन बोटं उभी मावत नाहीत इतपतच उघडणारं तोंड, यातलं काहीही दिसलं तर दाताच्या डॉक्टरकडे जायचं, दुखत नसलं तरी. सुरुवातीला दुखत नाहीच.

दादाची वेळ पुढच्या मंगळवारची घेतली आहे. वहिनी सोबत जाणार आहे. त्याने अजून हो म्हटलेलं नाही, पण नाहीही म्हटलेलं नाही.